पानाखालचं काम

सकाळी ८.१५
गडमुडशिंगीतल्या एका रोपवाटिकेचं शेडनेट. बाहेर गुलाब, जास्वंद, कढीपत्ता. आत आमरी, म्हणजे ऑर्किड, बहुतेक डेंड्रोबियम. काकी डोक्याला टॉवेल बांधतात. हजेरी ३५० रुपये. शेजारणी गांधीनगरच्या कापड दुकानांत जातात, तिथं पंखा असतो. इथं उकाडा, पण चालत येता येतं. रिक्षाचे पैसे वाचतात.

८.३०
पाणी नंतर, आधी बघणं. पिवळ्या चिकट सापळ्यावर पांढरी माशी, निळ्यावर फुलकिडे. कळीखाली पांढरा कागद धरून काकी दांड्याला टिचकी मारतात. बारीक तपकिरी रेघा पडतात आणि चालायला लागतात. कळी खुडून पिशवीत.

९.१५
मांडणीच्या पायावर मुंग्यांची रांग. काकी रांगेमागं सरकतात. पिठ्या ढेकूण गोड चिकट रस सोडतो, मुंग्या तो खातात आणि त्याची राखण करतात. रांग एका कुंडीत शिरते. खोडावरचं वाळकं साल नखानं सोललं, की आत कापसासारखे पुंजके.

९.३०
मेडिकलमधलं स्पिरिट, कापसाचे बोळे, मऊ टूथब्रश. बोळा टेकला की ढेकणाचं मेण विरघळतं, खालचं तांबूस अंग दिसतं. पानाच्या शिरेवर तपकिरी ढाली चिकटल्यात, ती खवले कीड. ती नुसत्या बोळ्यानं निघत नाही. ब्रशनं खरवडावी लागते. एका कुंडीला दहा मिनिटं तरी जातात.

११.४५
जास्त लागण झालेल्या कुंड्या लांबच्या कोपऱ्यात. मुळांतही कीड आहे. नारळाच्या सोडणाचे जुने तुकडे जाळायला, नवे तुकडे आणि कोळसा कुंडीत.

दुपारी १.१५
भाकरी, मेथी, खर्डा. वरून विमान उजळाईवाडीकडं उतरतं. कुणी मान वर करत नाही.

२.००
मालक औषधाची बाटली घेऊन येतात. लेबलवर पिवळा त्रिकोण, म्हणजे जहालच.
"काकी, एकदाच मारून मोकळं होऊया?"
"आधी मुंग्या आवरा, दादा. आणि ह्यो बघा."
पुंजक्यांत एक पांढरी अळी चालतीय. दिसायला पिठ्या ढेकणासारखीच, पण मोठी आणि चपळ. क्रिप्टोलीमस भुंगेऱ्याची. हा भुंगेरा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला. अळी आणि भुंगेरा दोघंही पिठ्या ढेकूण खातात. औषधानं तेही मरतील. बाटली कपाटात जाते. मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचं ठरतं. अळीची कुंडी तशीच राहते.

सायंकाळी ५.००
ऊन उतरलं. उन्हात तेल मारलं तर पान भाजतं. १६ लिटरच्या पंपात ८० मिलि निंबोळी तेल, थोडा पातळ साबण. अळीची कुंडी आधी बाजूला. पंप पोराच्या पाठीवर, नळी काकींच्या हातात. फवारा पानाच्या खालून. पोग्यात पाणी साचलं तर ते टिपून घ्यायचं, नाहीतर कुज लागते.

५.५०
मालक वहीत हजेरी मांडतात. आज सतरा कुंड्या झाल्या.
"उद्या गुलाबाकडं जा."
"जाते. पण आठ दिवसांनी ह्याच कुंड्या परत बघाय पाहिजेत. अंडी फुटत्यात."
मालक कॅलेंडरवर गोल करतात. त्या दिवसाचीही हजेरी लागेल, हे काकी विचारून घेतात.