लाईट गेली अन् लिनक्स उघडेना? लगेच फॉरमॅट मारू नका

शिवरे (ता. भोर) : बंद पडलेला कॉम्प्युटर गाडीवर बांधून शिवऱ्याहून पुण्याला न्यायचा म्हणजे दिवस मोडतो. त्यात दुकानात ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असं ऐकलं की घरचे फोटो, मुलांची प्रोजेक्टं, दाखल्यांच्या स्कॅन प्रती गेल्याच समजा. लिनक्सच्या मशीनला बऱ्याचदा यातलं काहीच करावं लागत नाही.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने दिलेली मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या मशीनवर लिनक्स मिंट फुकट टाकता येते. २ जीबी रॅमवर ते चालू होते, पण ४ जीबीखाली ब्राउझर रडवतो, हेही खरं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे ‘बॉस’ हेही लिनक्सच.

बटण दाबल्यावर तीन गोष्टी घडतात. आधी ‘ग्रब’ नावाचा छोटा प्रोग्राम उठतो. तो ‘कर्नल’ला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जागं करतो. मग ‘सिस्टिमडी’ नेट, प्रिंटर, ब्लूटूथ अशी बाकीची कामं लावून देतो. पूर्वी ही कामं एसटीच्या तिकीट खिडकीसारखी एकामागून एक व्हायची. २०१० मध्ये आलेल्या सिस्टिमडीने बऱ्याच खिडक्या एकदम उघडल्या. गाडी कुठं अडली ते कळलं की उपाय सोपा होतो.

लाईट अचानक गेली तर सहसा पुढच्या वेळी मशीन स्वतःच डिस्क तपासून घेते. कधी मात्र काळ्या पडद्यावर ‘इनिट्रॅमएफएस’ असा शब्द येतो आणि सगळं थांबतं. घाबरू नका. ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं, त्यावरूनच मशीन चालू करा. इन्स्टॉल न करताही लिनक्स उघडते. आधी फोटो आणि कागद दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घ्या. मग पेनड्राइव्ह काढून मशीन पुन्हा चालू करा आणि त्या काळ्या पडद्यावर इंग्रजीत ‘एक्झिट’ टाईप करून एंटर दाबा. कोणता भाग बिघडलाय त्याचं नाव दिसेल. मग ‘एफएससीके’ ही चार इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून ते नाव जसंच्या तसं टाकायचं. दुरुस्त करू का, असं विचारलं की ‘वाय’. शेवटी पुन्हा ‘एक्झिट’. हेच दर आठवड्याला होऊ लागलं तर डिस्क थकली आहे, तेव्हा मात्र दुकान गाठायचं.

दुसरा प्रकार म्हणजे ‘स्टार्ट जॉब’ असं काहीतरी लिहून दीड मिनिटाचा आकडा मोजत बसणं. मशीन बहुधा एखाद्या जादा डिस्कची वाट बघत असते, जी कुणीतरी काढून ठेवलेली असते. ती परत जोडून चालू करा.

अपडेटनंतर पडदा काळाच राहिला तर चालू करताना शिफ्ट दाबून धरा, नव्या मशीनवर एस्केप दाबा. ग्रबची यादी येईल. त्यातल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा.

मशीन उघडते पण रेंगाळते, अशी तक्रार असेल तर मिंटच्या मेनूत ‘स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्स’ उघडा आणि नको ते बंद करा. आज्ञा टाईप करायची गरज नाही. माहीत नसलेल्या नावाला मात्र हात लावू नका.

मशीन नीट चालत असतानाच मिंटमधले ‘टाइमशिफ्ट’ चालू करून ठेवा. बिघाड झाला की सिस्टिम जुन्या तारखेला परत नेता येते. फोटो आणि कागद त्यात आपोआप येत नाहीत, ते वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावे लागतात.