दक्षिणा फेलो : पदवी आणि अध्यासन यांच्या मधला संशोधक

विद्यापीठाची शेवटची पदवी पदरांत पडली आहे, पण अध्यासन अद्याप मिळालेलें नाहीं, अशा मधल्या अवस्थेंतील संशोधकाचें स्थान काय असावें, हा प्रश्न सध्यां विद्वन्मंडळांत वारंवार निघतो. पीएच्. डी. झालेल्या तरुणास दोन-तीन वर्षांची वृत्ति मिळते. ती बहुधा कोणा ज्येष्ठाच्या कामास जोडलेली असते; विषय त्याचा, साधनें त्याचीं, आणि अध्यापनाची संधि मिळाली तर मिळाली. हा प्रश्न परदेशांतून नुकताच इकडे आला, असा पुष्कळांचा समज दिसतो. तो आम्हांस मान्य नाहीं. पुण्यामुंबईस ही अवस्था दीडशें वर्षांपूर्वींच ‘दक्षिणा फेलो’ या नांवानें रूढ होती, आणि तिचा खर्च पेशव्यांच्या दक्षिणेंतून निघत होता.

दक्षिणेचा पूर्वेतिहास वाचकांस परिचित आहेच. तळेगांवच्या दाभाड्यांनीं चालविलेला हा धर्मदाय, त्रिंबकराव दाभाडे १७३१ सालीं डभईच्या लढाईंत पडल्यावर, पुण्यास आला, व श्रावणमासीं पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत दक्षिणा वांटली जाऊं लागली. ती ब्राह्मणांपुरतीच होती, हें सांगितल्यावांचून तिची थोरवी गाणें बरें नव्हे. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारनें हा खर्च एकदम तोडला नाहीं. त्यांतला कांहीं भाग १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत निघालेल्या हिंदु कॉलेजाकडे वळविला. पुढें १८४९ सालीं लोकहितवादी प्रभृति तरुण मंडळीनें अर्ज केला कीं, दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथरचनेकडे लावावा, आणि त्याचा लाभ सर्व जातींस व्हावा. जुन्या मंडळींस हें मुळींच रुचलें नाहीं. तथापि १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली, आणि त्या दशकाच्या अखेरीस याच फंडांतून कॉलेजांमध्यें फेलो नेमण्याचा प्रघात पडला.

या फेलोचें काम दुहेरी होतें. त्यानें आपला अभ्यास पुढें न्यावयाचा, आणि त्याबरोबर खालच्या वर्गांस शिकवावयाचें. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८५९ सालीं फेलो झाले. त्या वेळीं मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पहिली परीक्षाहि झालेली नव्हती. ती १८६२ सालीं झाली, व तींत उतरलेल्या पहिल्या मंडळींत भांडारकर व माधवराव रानडे हे दोघेहि होते. तेव्हां आजच्या अर्थानें ‘पदव्युत्तर’ हा शब्द त्यांस अक्षरशः लागत नाहीं. अवस्था मात्र तीच. पुण्यांतील शास्त्र्यांपाशीं बसून संस्कृताचें अध्ययन करण्यास भांडारकरांस जी सवड मिळाली, ती या फेलोशिपमुळेंच. शिकवण्यांत वेळ जातो, संशोधन मागें पडतें, अशी तक्रार आपण नेहमीं ऐकतों. भांडारकरांचें उदाहरण उलट आहे. ज्या दोन संस्कृत पुस्तकांवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या वाढल्या, तीं शिकणाऱ्या मुलांची अडचण प्रत्यक्ष पाहिलेल्या मनुष्याचीं आहेत, आणि हस्तलिखितांच्या शोधाचे त्यांचे अहवाल लिहिणारा हात तोच आहे.

काशिनाथ त्रिंबक तेलंग हेहि एल्फिन्स्टन कॉलेजांत फेलो होते. रामायण होमरावरून घेतलें काय, या प्रश्नावर बर्लिनच्या आल्ब्रेख्ट वेबर यांस उत्तर देणारा त्यांचा निबंध १८७३ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांचें वय तेवीसाच्या आसपास होतें. ज्येष्ठाच्या मताशीं उघड विरोध करण्याची मोकळीक याच वयांत मिळावी लागते. पुढें ती मिळून फारसा उपयोग होत नाहीं.

पण ही मोकळीक निर्वेध होती असें मात्र नाहीं. रानड्यांचे चरित्रकार सांगतात कीं, विद्यार्थिदशेंत त्यांनीं एका निबंधांत मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशीं तुलना करून मराठ्यांस झुकतें माप दिलें, आणि प्रिन्सिपाल सर अलेक्झांडर ग्रँट यांनीं त्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद केली. हे ग्रँट रानड्यांच्या बुद्धीचे चाहते होते; तरी हें घडलें. ती शिष्यवृत्ति कोणत्याहि खात्यांतली असो. ज्याचा विद्याभ्यास पुढेंमागें पेशव्यांच्या दक्षिणेवर चालला, त्यालाच मराठेशाहीविषयीं बरा शब्द लिहिल्याबद्दल दंड व्हावा, हा विलक्षण योग आहे. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० सालीं निघाला. तेव्हां ते हायकोर्टाचे न्यायमूर्ति होते, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत, १९०१ च्या जानेवारींत, ते वारले.

वेतन घेतलें म्हणून बंधन आलें, तें न घेतां शिकवावें, असें कोणी म्हणेल. जर्मनींत ही तोड शेंकडों वर्षें करून पाहिली गेली. तेथें ‘प्रिवाटडोझेंट’ यास विद्यापीठांत व्याख्यानें देण्याचा अधिकार असे, विषय तो स्वतः निवडी, पण विद्यापीठाचा पगार नसे. विद्यार्थी देतील त्या फीवर निर्वाह. कांट १७५५ पासून १७७० पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षें, असे राहिले. वर सांगितलेले वेबरहि याच पायरीवरून चढले. आणि एवढें करूनहि स्वातंत्र्य पुरतें राहिलें नाहीं. लेओ आरोन्स या समाजवादी पदार्थविज्ञानज्ञास काढतां यावें म्हणून प्रशियानें १८९८ सालीं खास कायदा करून या बिनपगारी अध्यापकांसहि सरकारी शिस्तीखालीं आणलें, व १९०० सालीं आरोन्स यांस दूर केलें.

आमच्याकडील दुसरें टोंक म्हणजे राजवाडे. त्यांनीं गांवोगांव हिंडून दफ्तरें मिळविलीं आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचे खंड १८९८ पासून काढले. विषयाची निवड सर्वस्वी त्यांची; कोणाची परवानगी नको कीं मर्जी नको. परंतु वर्ग नव्हता, अध्यासन नव्हतें. शिष्य मिळाले ते स्वतःच्या ओढीनें आले. असा मनुष्य शतकांत एखादा निपजतो. त्याच्यावरून संस्थांचे नियम बांधतां येत नाहींत.

म्हणून आमच्या मतें जुन्या फेलोशिपमधील शिकवण्याचा भाग ठेवावा, आणि तिच्यांतील मर्जीचा भाग काढावा. हस्तलिखितसंग्रहांत नेमलेल्या तरुणास कोणता रुमाल सोडावयाचा हें त्याचें त्यास ठरवूं द्यावें. त्याच्या निष्कर्षावर त्याचें नांव असावें, संग्रहाच्या चिटणिसाचें नव्हे. आणि आठवड्यांतून एक-दोन वेळ मोडी वाचनाचा वर्ग त्याच्याकडे द्यावा. हा वर्ग त्याच्या सेवेंत मोजला जावा, फुकटची मेहनत म्हणून नव्हे. वृत्तीची मुदत ठरलेली असावी, व ती संपण्यापूर्वीं केवळ मताकरितां ती बंद करण्याचा अधिकार कोणा एकाच्या हातीं नसावा.

दक्षिणा फेलोंच्या नेमणुकीचीं पत्रें, त्यांच्या वर्गांचीं टिपणें, किंवा फंडाच्या हिशेबाचे कागद ज्या घराण्यांत असतील, त्यांनीं नकला करून मंडळाकडे पाठवाव्या. मूळ कागद परत केले जातील.