दात दिसतो नंतर, घडतो पोटात

बाळाचा वरचा दात आधी दिसला की चांदवडच्या कितीतरी घरांत पहिली आठवण निघते ती मामाची. ‘मामाला जड!’ मामा बिचारा द्राक्षबागेत फवारणी करत असतो, त्याला पत्ताही नसतो. कुठला दात आधी हिरडीबाहेर येईल हे बाळागणिक बदलतं. मामाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. आणि तो दात काही त्या दिवशी तयार झालेला नसतो. गर्भ सहा आठवड्यांचा असतानाच दातांची पहिली पट्टी जबड्यात उमटते. चौदाव्या आठवड्याच्या सुमारास पुढच्या दुधाच्या दातांत खनिज बसू लागतं.

दुसरा समज जास्त मुरलेला : दात म्हणजे नुसतं कॅल्शियम. पण नुसतं सिमेंट ओतून स्लॅब पडतो का? आधी सेंट्रिंग ठोकावं लागतं, सळई बांधावी लागते. दाताच्या आतल्या थरात, दंतिनात, कोलॅजन या प्रथिनाची जाळी असते. ती सळईसारखी कायमची आत राहते. वरच्या इनॅमलची गोष्ट मात्र सेंट्रिंगची. तिथे मुख्य प्रथिन ॲमेलोजेनिन. कच्च्या इनॅमलमधल्या प्रथिनांत त्याचा वाटा सुमारे ९० टक्के. त्याच्या आधाराने खनिजाचे लांब, बारीक स्फटिक ओळीने वाढतात. मग ‘एमएमपी-२०’ हे विकर त्या प्रथिनाचे तुकडे पाडतं आणि ‘केएलके-४’ उरलंसुरलं साफ करतं. सेंट्रिंग निघालं! मोकळ्या झालेल्या जागेत स्फटिक जाड होतात आणि तयार इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज होतं. हे घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येताना नाहीशा होतात, म्हणून झिजलेलं इनॅमल पुन्हा उगवत नाही.

काही मुलांत या प्रथिनांच्या किंवा विकरांच्या जनुकांतच दोष असतो. मग कॅल्शियम कितीही असो, इनॅमल पातळ किंवा मऊ, पिवळट-तपकिरी राहतं. अशा वेळी ‘गरोदरपणी नीट खाल्लं नाहीस’ म्हणून सुनेला बोलणं हा निव्वळ अन्याय.

बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, हेही खरं नाही. कमी पडलंच तर ते आईच्या हाडांतून जातं. गरोदरपणी दात बिघडतात ते सुजलेल्या हिरड्यांमुळे, उलट्यांतल्या आम्लामुळे. चौदाव्या आठवड्यापासून सरकारी दवाखान्यात मिळणारी कॅल्शियमची गोळी आईच्या हाडांसाठी चुकवू नये. फक्त ती लोहाच्या गोळीबरोबर एकदम घेऊ नये.

एक धोका मात्र खरा आहे. चौथ्या महिन्यानंतर टेट्रासायक्लिन गटातलं प्रतिजैविक घेतलं, तर ते घडत्या दातांत बसून कायमचा डाग पाडू शकतं. मेडिकलमधून गोळी घेताना दिवस गेले आहेत हे आधी सांगा. आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तिथे डॉक्टरांना हिरड्याही दाखवा.