‘सिंहगड’ मूकपट : कादंबरीने रचलेला इतिहास आपण कसा वाचायचा?

किहीमच्या किनाऱ्यावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले की थळसमोर समुद्रात दोन बेटे दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी खांदेरीवर तटबंदी बांधायला घेतली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी ती अडवण्यासाठी आरमार पाठवले. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या लोकांनी बेट सोडले नाही. रात्रीच्या अंधारात छोट्या, चपळ होड्यांमधून रसद पोहोचत राहिली आणि इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना ती रोखता आली नाही. हे सारे इंग्रजांच्याच पत्रव्यवहारात नोंदले गेले आहे.

तरीही याच किनाऱ्यावर सहलीला आलेल्या तरुणांना महाराजांच्या काळातली एक लढाई सांगायला सांगा. बहुतेक जण सिंहगडाची सांगतील, तीही घोरपडीसकट. एक लढाई कागदात राहिली आणि दुसरी घराघरात पोहोचली. या फरकामागे एक कादंबरी आहे आणि एक मूकपट आहे.

हरी नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. तिच्यावरून बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. पेंटर मूळचे चित्रकार. पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळलेले आणि कॅमेरासुद्धा घरी तयार केलेले. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला सुरुवातीचे भांडवल गायिका तानीबाई कागलकर यांनी दिले, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यात लागला. त्याच्या आठवडाभर आधी, ३१ जानेवारीला, बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला होता. दोन्हींमागे कोल्हापूर आहे. एकाचा जन्मच तिथला, दुसऱ्याला शाहू महाराजांची मदत.

‘सिंहगड’मध्ये पेंटर स्वतः शिवाजी महाराज झाले आणि तरुण व्ही. शांताराम शेलारमामा. रात्रीचे प्रसंग कृत्रिम प्रकाशात चित्रित करण्याचा प्रयोगही त्यांनी यात केला, आणि आपल्याकडच्या सिनेमात तो पहिलाच मानला जातो. प्रेक्षकांतल्या बहुसंख्यांना पडद्यावरच्या पाट्या वाचता येत नसत. शेजारचा कोणी मोठ्याने वाचून दाखवायचा. कादंबरी विकत घेऊन वाचणे ज्यांना शक्य नव्हते त्यांच्यापर्यंत ती अशी पोहोचली. गर्दी एवढी उसळली की मुंबईत करमणूक कर लागण्याचे कारण हाच चित्रपट, असेही सांगितले जाते. पुढे १९३३ मध्ये शांताराम यांनी ‘प्रभात’तर्फे याच कथेचा बोलपट केला.

आता जुना कागद पाहू. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली, म्हणजे फेब्रुवारी १६७० च्या त्या लढाईनंतर पाव शतकाने. त्यात कोंढाण्याची हकीकत थोडक्यात येते. दोन निवडक मावळे रात्री वानरांसारखे कडा चढतात, वरून माळ लावून बाकीचे सुमारे तीनशे लोक चढवतात. तानाजी आणि उदेभान झुंजून पडतात, सूर्याजी पुढचे निभावतो. घोरपड नाही. रायबाचे लग्न नाही. सती जायला निघालेली आणि उदेभानाने पळवून आणलेली राजपूत कमलकुमारीही नाही. काही गोष्टी शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून आल्या, काही कादंबरीने रचल्या. महाराजांच्या तोंडचे प्रसिद्ध वाक्यही बखरीत वेगळे आहे. एक गड मिळाला पण एक गड गमावला, अशा अर्थाचे ते आहे. त्यात सिंह कुठेच नाही. शिवाय ‘सिंहगड’ हे नाव १६६३ च्या एका पत्रातही आढळते. तानाजींच्या मृत्यूमुळे गडाला हे नाव पडले ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

यात तानाजींचे शौर्य कणभरही कमी होत नाही. उलट दोन माणसांनी अंधारात नुसत्या हातापायांवर कडा चढणे हे घोरपडीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी अवघड काम आहे. आपटे यांनीही लबाडी केली असे मी म्हणणार नाही. कादंबरीकाराने कल्पना लढवायचीच असते. चूक वाचणाऱ्याची आणि पाहणाऱ्याची, जो तिला दाखला समजतो.

आपल्याला हा प्रश्न परका नाही. ‘सिंहगड’नंतर दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, हिमांशू राय आणि जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांनी ‘प्रेम संन्यास’ हा मूकपट केला. आधार एडविन अर्नोल्ड यांच्या ‘लाइट ऑफ एशिया’ या काव्याचा. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसल्यावर राजपुत्र घर सोडतो ही कथा जगभरच्या पडद्यांवर अशीच गेली. बाबासाहेबांनी ती जशीच्या तशी स्वीकारली नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत त्यांनी पहिला प्रश्न यावरच ठेवला. एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्याआधी म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटते का? मग ग्रंथात त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेला वाद मांडला आणि युद्धाला विरोध करणारा सिद्धार्थ उभा केला. पूज्य वाटणारी कथासुद्धा त्यांनी तपासून घेतली.

जयंतीच्या नाटिका, रील, पथनाट्य बसवणाऱ्या कार्यकर्त्यांनी संहिता हातात घेतल्यावर निदान एवढे करावे. प्रत्येक प्रसंगापुढे पेन्सिलीने लिहावे : हे कागदातले, हे शाहिराचे, हे आपले. आपल्या प्रसंगांना बंदी नाही, फक्त खूण असावी. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहासाठी तर ‘बहिष्कृत भारत’चे अंकच उपलब्ध आहेत. तिथे घोरपडीची गरजच पडत नाही.

किहीमहून दिसणारी खांदेरी जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांच्या त्या यादीत सिंहगड नाही. मायनाक भंडारी हे नाव मात्र अलिबागबाहेर आजही फारसे कानावर पडत नाही.