मुलगी ‘जोखमी’ची परीक्षा देते म्हणजे काय करते?



पूर्वी गावातला मुलगा शिकला म्हणजे मास्तर, तलाठी किंवा फार तर बँकेत कारकून व्हायचा. परीक्षेचे नाव घरच्यांना ठाऊक असायचे. आता काळ बदलला. बी.कॉम., इंजिनिअरिंग किंवा बी.एस्सी. ॲग्री झालेली मुलगी पुण्याहून सुट्टीला येते, माजघरात पुस्तके मांडून बसते आणि म्हणते, “आबा, मी एफ.आर.एम.ची परीक्षा देतेय.” फीचा आकडा ऐकला की आबांच्या पोटात गोळा येतो. तेवढ्या पैशात ठिबक झाले असते, असे मनात येते. हो म्हणावे की नाही म्हणावे, हे ठरवण्यापूर्वी ही परीक्षा आहे तरी काय, हे घरातल्या सर्वांनी समजून घ्यावे, यासाठी हा लेख.

परीक्षेची ओळख

एफ.आर.एम. म्हणजे फायनान्शियल रिस्क मॅनेजर. पैशाच्या व्यवहारातली जोखीम ओळखणारा, मोजणारा आणि तिला आवर घालणारा माणूस. ही परीक्षा अमेरिकेतील ‘गार्प’ नावाची संस्था घेते. संस्था १९९६ साली स्थापन झाली. परीक्षा इंग्रजीत, संगणकावर होते. तिचे दोन भाग आहेत. पहिल्यात १०० प्रश्न, दुसऱ्यात ८०. प्रत्येकी वेळ ४ तास. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नये. पहिल्या भागात जोखमीची मूलतत्त्वे २० टक्के, गणित व संख्याशास्त्र २० टक्के, बाजार व त्यातील सौदे ३० टक्के आणि किंमत व जोखीम मोजण्याच्या पद्धती ३० टक्के अशी विभागणी असते. दोन्ही भाग उत्तीर्ण होऊन शिवाय दोन वर्षांचा संबंधित कामाचा अनुभव दाखवला, तरच प्रमाणपत्र मिळते.

हे ज्ञान आपल्याला परके नाही

नाव परदेशी असले तरी विषय आपल्या बांधावरचाच आहे. शेतकऱ्याइतकी जोखीम कोण उचलतो? फरक एवढाच, की आपण ती अंदाजाने पेलतो आणि ही मुले ती आकड्यात मांडायला शिकतात.

गेल्या २० हंगामांचा नफा-तोटा वहीत लिहा. सर्वांत वाईट हंगाम वर, सर्वांत चांगला खाली, अशी उतरंड लावा. पहिला, म्हणजे अगदी बुडालेला हंगाम बाजूला ठेवा. त्याच्या खालचा तोटा पाहा. ‘वीसांत एखादा हंगाम सोडला, तर यापेक्षा जास्त तोटा होत नाही,’ असे तुम्ही म्हणू शकाल. बँकांत याच हिशेबाला ‘व्हॅल्यू ॲट रिस्क’ म्हणतात. परंतु बाजूला ठेवलेला तो एक हंगाम विसरायचा नाही. घर बुडते ते त्याच हंगामात. म्हणून मुलांना त्याचाही वेगळा हिशेब शिकवतात.

दुसरे उदाहरण उधारीचे. व्यापाऱ्यांना १ लाखाचा माल उधार दिला. दहांतला एक पैसे बुडवतो, असा आपला अनुभव. बुडवणाऱ्याकडूनही ४० हजार कसेबसे वसूल होतात, म्हणजे ६० हजार जातात. साठ हजारांचा दहावा हिस्सा ६ हजार. तेव्हा रोखीपेक्षा उधारीत लाखामागे ६ हजार तरी जास्त मिळाल्याशिवाय उधारी परवडत नाही, आणि पैसे अडकून पडतात त्याचे व्याज वेगळेच. बँक कर्ज देताना हाच गुणाकार करते.

तिसरे उदाहरण मिश्र पिकाचे. सोयाबीनमध्ये तूर का घेतो? मध्येच पावसाने ताण दिला आणि सोयाबीन गेले, तरी खोल मुळांची, उशिरा येणारी तूर काही हात देते. पण द्राक्षबागेच्या जोडीला डाळिंब लावले आणि अवकाळी गारपीट झाली, तर दोन्ही एकदम झोडपली जातात. पिके दोन असून चालत नाही, त्यांचे संकटही वेगवेगळे असावे लागते. २००८ साली जगातल्या मोठमोठ्या बँकांना हाच धडा मिळाला. वेगवेगळ्या गावांतली घरकर्जे एकदम बुडणार नाहीत, असे त्यांनी धरले होते. ती एकदम बुडाली.

मोठी पेढी कशी बुडाली?

लंडनची बेअरिंग्ज ही बँक १७६२ सालची. १९९५ मध्ये ती बुडाली, तीही सिंगापूरच्या कचेरीतील एका नोकरामुळे. वायद्याचे सौदे तोच करी आणि त्यांच्या हिशेबावर देखरेखही त्याचीच. तोटा तो एका आडखात्यात लपवत गेला. तोटा ८० कोटी पौंडांच्या वर गेला, आणि दोनशे वर्षांहून जुनी ही बँक अवघ्या १ पौंडाला विकली गेली. हे प्रकरण या परीक्षेच्या विद्यार्थ्यांना हमखास अभ्यासावे लागते. आपल्या सोसायटीतही तिजोरीची किल्ली आणि खतावणी एकाच्याच हाती असू नये, ते याचसाठी. मुलगी सुट्टीला आली की तिला सोसायटीचा अहवाल वाचायला द्या. तिच्या शिक्षणाचा गावालाही उपयोग होईल.

आता पैशाचे बोलू

नावनोंदणी आणि दोन्ही भागांची फी डॉलरमध्ये भरावी लागते. ती मिळून १ लाख रुपयांच्या वर जाते. शिवाय पहिल्या भागाला बसलेल्यांपैकी साधारणतः निम्म्याहून कमीच उत्तीर्ण होतात, आणि पुन्हा बसायचे तर परीक्षेची फी पुन्हा भरावी लागते. तेव्हा जोखमीच्या परीक्षेलाही जोखमीचाच नियम लावा:

१. दोन्ही भागांची फी एकदम भरू नये. आधी पहिला भाग. तो झाला की दुसरा. त्यासाठी चार वर्षांची मुदत असते.

२. सावकाराकडून कर्ज काढू नये, जमीन गहाण टाकू नये. शक्यतो मुलीने आधी नोकरी धरावी आणि पगारातून फी भरावी. नोकरी करता करता अनुभवाची अटही पुरी होते.

३. एकदा अपयश येईल हे धरूनच पैशाची तजवीज करावी.

४. ‘आमच्या क्लासला या, नोकरीची हमी’ असे कोणी म्हटले तर सावध व्हावे. क्लास सक्तीचा नाही. प्रमाणपत्राने दार उघडते, नोकरी मिळेलच असे नाही.

घरच्यांनी काय करावे?

एका भागाला दोन-अडीचशे तास अभ्यास लागतो. रोज २ तास धरले तर चार महिने. परीक्षा मे, ऑगस्ट किंवा नोव्हेंबरमध्ये असते. मेची परीक्षा असेल तर जानेवारीपासून बसावे लागते. नोव्हेंबरची असेल तर अभ्यास ऐन खरिपात, जुलैपासून येतो. घरी राहून अभ्यास करणाऱ्याने याचा विचार आधीच करावा.

माताभगिनींना एक विनंती. मुलगा अभ्यासाला बसला की आपण त्याला चहा नेऊन देतो आणि मुलगी बसली की, “भाकरी टाक आणि मग बस,” म्हणतो. भाकरी तिनेही टाकावी, त्यानेही टाकावी. पण तिचे दोन तास ठरलेले असावेत आणि त्या वेळेत तिला कोणी हाक मारू नये. वीज जाते त्या वेळा पाहून अभ्यासाची वेळ ठरवावी. निकाल नापासाचा आला तर शेजारी-पाजारी चर्चा करू नये. आपलेही एखादे पीक जातेच, म्हणून आपण नांगर मोडून टाकत नाही.

आणि आबांनी एक करावे. फीला हो म्हणा की थांब म्हणा, पण त्याआधी एका संध्याकाळी आपल्या २० हंगामांची वही तिच्यासमोर ठेवावी आणि म्हणावे, “बाळ, यातली जोखीम मला मोजून दाखव.” ती काय शिकते आहे ते तुम्हाला समजेल, आणि तुम्ही इतकी वर्षे काय सोसत आलात ते तिला आकड्यात दिसेल.