भंगारात घालू नका ती जुनी स्पीकरची पेटी!

आपल्या वस्त्यांतून, चाळींतून फिरताना एक गोष्ट हमखास दिसते. माळ्यावर, कपाटाच्या डोक्यावर नाहीतर पलंगाखाली लाकडी पेट्यांची एक जोडी धूळ खात पडलेली असते. कधीकाळी टेप डेकबरोबर किंवा रेकॉर्ड प्लेअरबरोबर घेतलेले हे स्पीकर. कुणी ते बोनसच्या पैशांतून घेतले, कुणी हप्त्याहप्त्याने. त्यांच्यावर त्या घराने भीमगीते ऐकली, कव्वाल्यांचे सवाल-जवाब ऐकले, प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेट झिजेपर्यंत वाजवल्या. मग मोबाइल आला, मुठीत मावणारा ब्लूटूथ स्पीकर आला आणि या पेट्या माळ्यावर गेल्या. घराची रंगरंगोटी निघाली की भंगारवाला येतो, पेटी उचलून पाहतो आणि चुंबकाच्या वजनावर भाव सांगतो.

वाचकहो, तो भाव घेण्याआधी जरा थांबा. आम्ही काही मित्र दिवसा नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी अशा जुन्या पेट्या उघडून त्या दुरुस्त करण्याचा व सुधारण्याचा छंद जोपासतो. आमच्यापैकी कुणीही इंजिनिअर नाही. जे शिकलो ते रेडिओ मेकॅनिकच्या टेबलाशेजारी उभे राहून, पुस्तके चाळून आणि हाताने करून शिकलो. त्या अनुभवावरून सांगतो, मेली म्हणून टाकून दिलेली पेटी बहुतेक वेळा मेलेली नसते. तिचा एखादा स्वस्त भाग म्हातारा झालेला असतो, एवढेच.

पेटीत असते तरी काय?

स्पीकरचे काम समजायला अवघड नाही. मागे एक जड चुंबक असतो. त्याच्या अरुंद फटीत तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, मोकळी तरंगत असते. ती कागदाच्या शंकूला चिकटवलेली असते. अ‍ॅम्प्लिफायरकडून येणारा विजेचा प्रवाह गाण्याप्रमाणे मागेपुढे होतो, तशी कॉइल मागेपुढे होते, शंकू हवेला ढकलतो आणि आपल्याला गाणे ऐकू येते. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस आणि केलॉग या दोन अभियंत्यांनी १९२५ साली या रचनेवर आपला निबंध प्रसिद्ध केला. आज शंभर वर्षे होऊन गेली तरी घरातला बहुतेक प्रत्येक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतो. म्हणूनच चाळीस वर्षांची जुनी पेटी आजही कामाची ठरते.

घरगुती पेटीत साधारणपणे दोन स्पीकर असतात. मोठा तो वूफर. ढोलकी, तबल्याचा बायाँ आणि गायकाच्या आवाजातला भरदारपणा तो देतो. लहान तो ट्विटर. झांज, टाळ आणि शब्दांतले ‘स’, ‘श’, ‘च’ हे तो सांभाळतो. ट्विटरच्या वाटेवर एक कंडेन्सर बसवलेला असतो. ट्विटरला न पेलणारे खालचे सूर अडवणे आणि वरचे सूर पुढे सोडणे हे त्याचे काम. आठ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला, तर साधारण ४२०० हर्ट्झच्या वरचे सूर ट्विटरकडे जातात. दाराशी उभा राहून कुणाला आत सोडायचे ते ठरवणारा पहारेकरीच म्हणा ना!

म्हातारपण कुठे येते?

पहिले म्हातारपण येते कंडेन्सरला. जुन्या पेट्यांत बहुधा इलेक्ट्रोलिटिक जातीचे कंडेन्सर असतात. त्यांच्या आतला द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो. मग वरचे सूर ट्विटरपर्यंत नीट पोहोचत नाहीत आणि गाणे विहिरीतून आल्यासारखे बोदे वाटते. लोक म्हणतात, ‘स्पीकर बसला.’ प्रत्यक्षात बसलेला असतो तो कंडेन्सर.

दुसरे म्हातारपण येते वूफरच्या कडेला. शंकू आणि लोखंडी चौकट यांच्यामध्ये एक लवचीक रिंग असते. ती कापडाची किंवा रबराची असेल तर फार वर्षे टिकते. फोमची असेल तर दमट हवेत दहा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो. आपल्या मुंबई-ठाण्याच्या हवेत तर विचारूच नका. बोट लावले की पापडासारखी तुटते. मग शंकू वाकडा हलतो, कॉइल चुंबकाला घासते आणि खरखर सुरू होते.

तिसरे दुखणे अगदीच किरकोळ. गंजलेल्या पिना, सुटलेला डाग, उंदराने कुरतडलेली वायर.

एक कॅसेट आणि एक आवाज

आमच्या शेजारच्या चाळीत एक काकू राहतात. त्यांचे यजमान गायन पार्टीत गात असत. ते आता नाहीत. १९८०च्या दशकात एका कार्यक्रमात ध्वनिमुद्रित केलेली त्यांची एकच कॅसेट काकूंनी जपून ठेवली आहे. पण घरच्या पेट्या बिघडल्या होत्या. एकीतून नुसते धपधप येई आणि दुसरी खरखरे. एका दुकानदाराने पेट्या उघडूनही न पाहता सांगितले, ‘मावशी, हे टाकून द्या, नवीन घ्या.’ नवीन घेण्याची ऐपत नव्हती असे नाही, मुलगा कमावता आहे. पण या पेट्या यजमानांनी स्वतः खांद्यावरून आणलेल्या, त्या टाकायच्या कशा?

आम्ही पेट्या उघडल्या. पहिलीचा कंडेन्सर गेला होता, दुसरीच्या वूफरची फोमची रिंग गळून पडली होती. चुंबक, कॉइल, कागदी शंकू सगळे ठणठणीत. दोन्ही पेट्यांचे कंडेन्सर बदलले, दोन्ही वूफरना नव्या रिंगा लावल्या. एक रविवार कामात गेला, दुसऱ्या रविवारपर्यंत डिंक वाळला. कॅसेट लावली तेव्हा शब्दन् शब्द सुटा ऐकू येऊ लागला. कडव्यांच्या मधे, दूरवर, एक लहान मूल रडताना ऐकू आले. इतकी वर्षे ते बोद्या आवाजात दबून गेले होते. काकू म्हणाल्या, ‘अरे, हा तर आमचा धाकटा! त्या दिवशी माझ्या मांडीवर होता.’ धाकटा समोरच उभा होता, मिशीवाला. कुणाला काय बोलावे ते सुचेना.

ज्यांच्या घरी अशा कॅसेट असतील त्यांना एक विनंती. कॅसेटच्या मागच्या काठावरच्या दोन्ही प्लास्टिकच्या टिकल्या तोडून टाका, म्हणजे चुकूनही त्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. कॅसेट स्पीकरच्या चुंबकाजवळ ठेवू नका. आणि पेटी सुधारली की पहिले काम म्हणून त्या आवाजाची नक्कल कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

दुरुस्ती कशी करावी?

आधी तपासणी. साध्या मल्टिमीटरने वूफरच्या दोन टोकांमधला रझिस्टन्स पाहावा. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण सहा ते सात ओहम दाखवतो. काटा हललाच नाही तर कॉइल तुटली असे समजावे. मग दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावून पाहावा. सेलचे अधिक टोक वूफरच्या अधिक खुणेला लावल्यावर शंकू बाहेर यायला हवा. दोन्ही पेट्यांत तो एकाच बाजूला हलला पाहिजे. एकीत बाहेर आणि एकीत आत असे झाले, तर दोघांचा ढोलकीचा आवाज एकमेकांना मारतो. निम्म्या घरांत ‘पेटीला दम नाही’ म्हणतात, तिथे दोन वायरी उलट्या लागलेल्या असतात!

कंडेन्सर बदलताना जुन्यावर लिहिलेल्या आकड्याइतकाच घ्यावा. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा, शंभर व्होल्टचा घेतला तर तो सुकण्याची भीती नाही. दोन-चार वडापावच्या पैशांत काम होते. नव्या कंडेन्सरने ट्विटर कानाला टोचू लागला तर त्याच्या वाटेत अर्धा किंवा एक ओहमचा, पाच वॉटचा रझिस्टन्स टाकावा. कान शांत होतो.

फोमची रिंग मापाने मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत विचारावे. जुना फोम आणि डिंक स्पिरिटने हळूहळू काढावा, कागद फाटू देऊ नये. रिंग आधी शंकूला चिकटवावी, ती वाळल्यावर चौकटीला. चिकटवताना दोन्ही हातांच्या बोटांनी शंकू सारखा दाबून कान लावावा. घासल्याचा आवाज आला तर रिंग किंचित सरकवावी. नंतर पूर्ण एक दिवस हात लावू नये. शंकूला छोटी चीर असेल तर पातळ कागदाचा तुकडा आणि पाणी घातलेला फेव्हिकॉल पुरतो.

आता सुधारणा. पेटी चारी बाजूंनी बंद असेल तर फटी बुजवाव्यात आणि आत उशीत भरतात तसला कृत्रिम कापूस सैलसर भरावा. आवाज घुमत नाही, मोकळा होतो. पेटीला समोर गोल भोक असेल तर ते मुद्दाम ठेवलेले असते. ते बुजवू नये, कापूस फक्त भिंतींना लावावा. मागची फळी ठोकल्यावर डबा वाजल्यासारखी वाजली तर आतून एक आडवी लाकडी पट्टी ठोकून घ्यावी.

मोठे वॉट म्हणजे मोठा आवाज नव्हे

इथेच बहुतेक हौशी लोक घसरतात. जुना वूफर काढून बाजारातला ‘जास्त वॉटचा’ बसवतात आणि पेटी बिघडवतात. वूफर आणि पेटीची जागा यांचे लग्न मापून लावलेले असते. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली हे माप गणितात बसवले आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते पूर्ण केले. त्या आधी अमेरिकेत एडगर व्हिल्चर या शिक्षकाने १९५४ साली ‘एआर-१’ ही बंद पेटी बाजारात आणली. आतल्या हवेलाच स्प्रिंगचे काम देऊन त्यांनी कपाटाएवढ्या स्पीकरचा खर्ज पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढ्या पेटीत आणला. मोठेपणा आकारात नसतो, हे या माणसाने दाखवून दिले. पुढे कंपनी विकल्यावर त्यांनी कमी ऐकू येणाऱ्यांच्या श्रवणयंत्रावर संशोधन केले आणि त्याचे पेटंट न घेता ते सर्वांना खुले केले. आवाजाच्या धंद्यातला असा माणूस आपल्या मुलांना माहीत असायला हवा.

आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा. अ‍ॅम्प्लिफायर वीस वॉटचा चाळीस केला तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट वॉट लागतात. खोक्यांवर छापलेले पीएमपीओचे हजारांतले आकडे ही निव्वळ भुरळ आहे.

आणि दुप्पट आवाज हवाच कशाला? दहा बाय बाराच्या खोलीत चांगली पेटी हळू वाजली तरी पुरते. वस्तीतल्या आवाजाची मर्यादा २०००च्या नियमांनुसार दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पलीकडच्या खोलीत कुणाची दहावी असते, कुणी रात्रपाळी करून झोपलेले असते. सुधारलेल्या पेटीची खरी परीक्षा अशी, की आवाज कमी करूनही शब्द कळतात की नाही.

ही काळजी घ्या

पेटीच्या आत घरची वीज येत नाही, म्हणून हा छंद बराचसा निर्धोक आहे. अ‍ॅम्प्लिफायरची गोष्ट वेगळी. त्यात २३० व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत तर स्पीकरजवळच्या ट्रान्सफॉर्मरवरही जिवावर बेतणारी वीज असते. ती कामे जाणत्या मेकॅनिककडेच द्यावीत. सोल्डरमध्ये शिसे असते. डाग देताना खिडकी उघडी ठेवावी, काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत, मग जेवायला बसावे. लहान मुलांना गरम इस्त्रीपासून जपतो तसे सोल्डरिंगच्या कांबीपासून जपावे.

मोठ्या मुलामुलींना मात्र जरूर जवळ बसवा. मुलींनाही बसवा, बारीक तारेच्या कामाला त्यांचा हात आमच्याहून स्थिर असतो, हे आम्ही पाहिले आहे. ओहमचा नियम शाळेच्या फळ्यावर पाठ करायचा असतो, इथे तो मीटरवर दिसतो. आठवीतल्या पोराने स्वतः डाग दिलेल्या ट्विटरमधून झांज ऐकली, की विज्ञानाच्या पुस्तकाची त्याची भीती निम्मी होते. पुढे त्यातून एखादा चांगला कारागीर निघेल, एखादी इंजिनिअर होईल. नाहीच झाले तरी घरातली बिघडलेली वस्तू आधी उघडून पाहावी, टाकण्याचे मग ठरवावे, एवढी सवय तरी लागेल.

तेव्हा या रविवारी माळ्यावरची पेटी खाली काढा. धूळ पुसा, मागचे चार स्क्रू सोडवा आणि आत डोकावून पाहा.