स्मशानातील सोनं (कथा)

स्मशानातील सोनं ही मराठी कथाकार, कादंबरीकार आणि लोकशाहीर अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांची कथा आहे. पोटासाठी गाव सोडून मुंबईला आलेला भीमा नावाचा धिप्पाड तरुण दगडाची खाण बंद पडल्यावर मढी उकरून त्यांच्या अंगावरचे सोने काढू लागतो आणि या उद्योगात हाताची दोन बोटे गमावतो, अशी तिची थोडक्यात गोष्ट आहे. साठे यांच्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या कथांमध्ये तिची गणना होते.

पार्श्वभूमी

साठे यांचा जन्म सांगली जिल्ह्यातील वाटेगाव (ता. वाळवा) येथे १ ऑगस्ट १९२० रोजी झाला. वारणेच्या परिसरातील हे कुटुंब पोटापाण्यासाठी मुंबईला आले. हमाली, गिरणीकाम अशी मिळतील ती कामे साठे यांनी केली, आणि पुढे आयुष्याची बरीच वर्षे त्यांनी घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत काढली. १९४४ साली अमरशेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. कथेतील भीमादेखील वारणाकाठचा आहे. गावी काम नाही आणि मुंबई सर्व काही देते पण काम देत नाही, ही त्याची कोंडी लेखकाने स्वतः जवळून पाहिलेली होती. तरीही ही कथा आत्मकथनाच्या वळणाने गेलेली नाही.

कथानक

शेजारच्या गावात एक मोठा सावकार मेल्याची वार्ता कानी येते आणि भीमाला हर्ष होतो. या विपरीत आनंदाचे कारण वाचकाला लगेच कळत नाही. रात्र पडण्याची वाट पाहत बसलेल्या भीमाचा पूर्वेतिहास मग निवेदक सांगतो. अंगी पैलवानाचे बळ असूनही गावात पोट भरेना, म्हणून बायको आणि लहान मुलीला घेऊन तो मुंबईला येतो. बायकोला सोन्याचा दागिना करावा, असे त्याचे स्वप्न असते. शहर त्याला थारा देत नाही. अखेर उपनगराला लागून असलेल्या जंगलातील खाणीत त्याला दगड फोडण्याचे काम मिळते. तेथे तो मनापासून राबतो आणि मालकही त्याच्या कामावर खूश असतो.

सहा महिन्यांत खाण बंद पडते. शेवटचा पगार घेऊन परतताना वाटेतल्या ओढ्याजवळ भीमाला चितेची राख दिसते आणि त्या राखेत सोन्याची अंगठी सापडते. येथून कथेची दिशा बदलते. मृताच्या अंगावर किंवा मुखात थोडे सोने ठेवण्याची चाल अनेक समाजांत आहे. तेच सोने भीमाच्या संसाराचा आधार होते. सोनारांच्या दुकानातील केरमाती धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्या झारेकऱ्यांप्रमाणे तो आधी राख चाळतो, मग पुरलेली प्रेते उकरू लागतो. आठवड्याचा बाजार नीट होऊ लागतो. उपनगरात मात्र मढी उकरली जात असल्याची चर्चा पसरते आणि पोलीसही सावध होतात. बायको त्याला परोपरीने विनवते, पण तो ऐकत नाही.

सावकाराच्या मढ्यासाठी तो मध्यरात्री निघतो. त्याच्या आधी कोल्ह्यांनी थडग्याभोवती माती उकरायला सुरुवात केलेली असते. एका प्रेतासाठी माणूस आणि कोल्हे यांची झुंज जुंपते. अंगाचे लचके तुटत असताना भीमा प्रेत बाहेर काढतो आणि अंगावरचे सोने घेतो. मुखातील सोने शोधताना पहार निसटते आणि त्याची बोटे प्रेताच्या दातांत अडकतात. कोलाहलाने गाव जागे होते. अखेर बोटे सोडवून तो घरी पोचतो, पण ती हाडापर्यंत कापली गेलेली असतात. डॉक्टर दोन बोटे काढून टाकतात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते आणि हा बलदंड माणूस लहान मुलासारखा रडू लागतो.

आशय

स्मशान, काळोख आणि कोल्ह्यांची झुंज या भागाचे वर्णन इतके परिणामकारक आहे की पुष्कळांच्या स्मरणात ही कथा भयकथा म्हणून राहते. वर्गात शिकवताना तिच्यातून अतिलोभाचे फळ हे तात्पर्य काढण्याचाही मोह होतो. कथेच्या रचनेला मात्र हे दोन्ही अर्थ पुरत नाहीत. भीमाच्या अधःपाताच्या एका टोकाला खाणीचे बंद होणे आहे आणि दुसऱ्या टोकाला तिचे पुन्हा सुरू होणे. दोन्ही निर्णय त्याला न विचारता झालेले आहेत. लोभ हे कारण धरले, तर शेवटची बातमी अनावश्यक ठरते. दोन बोटांची शिक्षा तेवढी पुरेशी होती. लेखकाने ती बातमी योजली, कारण त्याला गुन्ह्याच्या शिक्षेपेक्षा श्रमिकाच्या भांडवलाची हानी दाखवायची आहे. डोंगर फोडू शकणारा हात हे भीमाचे एकमेव धन होते. मढ्यावरच्या सोन्यापायी ते गेले.

१९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाच्या भाषणात साठे यांनी पृथ्वीचा भार शेषाच्या मस्तकावर नसून दलित-श्रमिकांच्या तळहातावर आहे, असे प्रतिपादन केले होते. भीमाच्या तुटलेल्या बोटांकडे त्या विचाराच्या प्रकाशात पाहता येते.

भीमाला स्वतःच्या कृत्याची खंत नसते, हीदेखील लक्षणीय गोष्ट आहे. मेलेल्याला सोन्याचा उपयोग नाही आणि जिवंत माणसाला भाकरी हवी, असा त्याचा सरळ हिशेब आहे. निवेदक त्याचे समर्थन करीत नाही, त्याचा धिक्कारही करीत नाही.

प्रेमचंदांच्या ‘कफन’ या कथेशी तिची तुलना उद्बोधक ठरते. तेथेही मृत्यू जिवंतांचे पोट भरतो. मृत स्त्रीच्या कफनासाठी जमवलेले पैसे तिचा नवरा आणि सासरा दारूत आणि खाण्यात उडवतात. त्या दोघांनी कष्टाकडे पाठ फिरवलेली आहे, कारण राबणाऱ्यांची दशा त्यांनी पाहिली आहे. भीमाला मात्र काम हवे आहे, आणि काम असेपर्यंत तो स्मशानाकडे फिरकत नाही. ‘कफन’चा उपरोध येथे नाही, त्याऐवजी शोकांतिकेची सरळ चाल आहे.

पुणे जिल्ह्यातील चाकण–महाळुंगे औद्योगिक पट्ट्यासारख्या ठिकाणी, जेथे मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेले असंख्य तरुण वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत कंत्राटावर राबतात, तेथील वाचकाला या कथेतील खाण परकी वाटत नाही. कंत्राटाची मुदत संपली की काय, हा प्रश्न तेथे खोल्याखोल्यांतून विचारला जातो. यंत्रावर बोट गमावणे म्हणजे काय, हेही तेथे समजावून सांगावे लागत नाही.

शैली

निवेदन तृतीयपुरुषी आणि प्रमाण मराठीत आहे; संवादांना ग्रामीण बोलीचा बाज आहे. वाक्ये आखूड आणि गतिमान असून झुंजीच्या प्रसंगात पोवाड्याचा आवेश जाणवतो. त्यात शाहिरीचा संस्कार उघड दिसतो. क्वचित अतिशयोक्तीही होते. कोल्ह्यांशी चाललेला सामना थोडा लांबला आहे. पण माणूस आणि श्वापद एकाच अन्नासाठी भांडत आहेत हे ठसवण्यासाठी ती लांबी लेखकाला आवश्यक वाटली असावी. बायकोची व्यक्तिरेखा मोजक्या संवादांतून उभी राहते आणि भीमाला दिसत नसलेला धोका तिला आधीच दिसलेला असतो.

अनुवाद

कथेचा इंग्रजी अनुवाद अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या ‘पॉयझन्ड ब्रेड’ (१९९२) या दलित साहित्याच्या संकलनात समाविष्ट आहे.